पाटावर बसलेली ओळ

वैशाख लागला की आमच्या गल्लीतले कापडाचे लूम एकेक करून गप्प होतात. कारागीर मुलुखाला जातात, कुणाच्या भावाचं लग्न असतं, कुणाच्या मेहुणीचं. वर्षभर खडखडणाऱ्या भिंती अशा एकदम मुक्या झाल्या की आम्हा भिवंडीकरांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. आवाजाची सवय लागते, ती सुटायला वेळ लागतो. मग संध्याकाळी राहनाळच्या बाजूने कुठल्यातरी हळदीचा डीजे ऐकू येतो, कोपऱ्यावरच्या दुकानात पिवळी बोटं घेऊन कुणीतरी पानमसाला मागायला येतं, आणि कळतं, लग्नसराई आली.

इतरांना तिचा आनंद होतो. मला गेली काही वर्षं होत नाही. पिवळी बोटं दिसली की मी उगाचच मोबाइलमध्ये डोकं घालतो. यंदा तर सराईच्या तोंडालाच बारकीआत्याचा निरोप आला. बारकीआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. पडघ्याच्या अलीकडे रस्ता सोडून आत वळलं की तिचं गाव. फोन तिच्या मुलाचा, रमेशदादाचा होता.

"आई बोलते, पेटी घेऊन ये."

"कुणाची हळद आहे?"

"कोनाची न्हाय रं. असाच ये बोलते."

हळद नाही तर पेटी कशाला? दादाला ते ठाऊक नव्हतं. मला थोडी शंका होती.

पेटी म्हणजे आत्याच्या भाषेत माझा पेडलबोर्ड. मी वडप्याच्या एका गोदामात ऑफिसला बसतो. कुठला ट्रक कधी आला, कधी सुटला, हे माझं काम. उरलेल्या वेळात गिटार वाजवतो, तीही एकट्याने. बँड करायला माणसं लागतात, माणसं जमायला सुट्टी लागते, आणि चौघांची सुट्टी एका दिवशी येणं हे पत्रिका जुळण्याहून कठीण. म्हणून मी पेडलं घेतली, पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचे खोके, एक-एक करत, बायकोला प्रत्येक वेळी "हे शेवटचं" असं सांगत. आता तीच मला नवीन खोका दिसला की विचारते, "हे कितवं शेवटचं?"

बोर्ड मात्र घरचा. गोदामात माल ठेवायचे लाकडी पॅलेट मोडतात, त्यांच्या चार फळ्या मागून आणल्या, घासल्या, काळ्या रंगाने रंगवल्या आणि त्यावर पेडलं ओळीने बसवली. या ओळीतच सगळं शास्त्र आहे. गिटारची वायर आधी सूर तपासणाऱ्या पेडलमध्ये जाते, तिथून आवाज दाबून सारखा करणाऱ्यात, मग खरखरीत करणाऱ्यात, मग एकाचे चार प्रतिध्वनी करणाऱ्यात, मग रिकाम्या देवळासारखा घुमारा देणाऱ्यात. क्रम चुकला की आधी हळद आणि मग मोहरी टाकलेल्या फोडणीसारखी गत होते, सगळं पडतं पण चव जाते. आणि सगळ्यात शेवटी लूपर. लूपर पायाने दाबला की ऐकू लागतो. पुन्हा दाबला की जेवढं ऐकलं तेवढंच तो म्हणत राहतो, पुन्हा, पुन्हा, थांबवेपर्यंत. त्याच्यावर तुम्ही दुसरं वाजवा, तिसरं वाजवा. एकटा माणूस चौघांचा होतो. गोदामात दिवसभर चाळीस जणांशी बोलून आल्यावर मला हे फार आवडायचं, की इथे चौघे आहेत आणि चौघेही मीच.

एकच पीडा होती. सगळं जोडून आवाज चालू केला की ॲम्पमधून, म्हणजे गिटारच्या स्पीकरमधून, घूं असा आवाज यायचा. वायरी बदलल्या, प्लग उलटे केले, काही फरक नाही. आमच्या बिल्डिंगच्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं, नावाला तिसरं भोक तेवढं होतं. शेजारी लूम, वर सगळ्या मजल्यांचे पंप, त्यात माझी घूं. एका उन्हाळ्यात मी वैतागून सगळा पसारा टेम्पोत घातला आणि आत्याच्या ओट्यावर नेऊन मांडला. तिथेही घूं होतीच. पण तिथे जमीन होती. आत्याच्या मोरीमागे मी खड्डा खणला, लोखंडी कांब उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, वायर ओढून ओट्यापर्यंत आणली. कोळसा ओला राहिला तर अर्थिंग चांगलं लागतं, हे मी आत्याला सहज बोललो होतो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर आंघोळ करून आलेली आत्या आधी तुळशीला पाणी घालून मग तांब्यातलं उरलेलं त्या कांबेला घालते आहे.

"आत्ये, देव नाही तो."

"तुझा खांब तहानला तं तुझा बाजा ओरडंल. तूच बोल्लास ना?"

घूं बंद झाली. ॲम्प चालू आहे की नाही हे दिव्याकडे बघून ठरवावं लागे इतकी शांतता. मी त्या उन्हाळ्यातले सगळे रविवार ओट्यावर काढले. छपरावर वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका, परसातल्या रायवळ आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या, गाईच्या शेणाचा ताजा वास, आणि खांबाला टेकून बसलेली आत्या. तिला पेडलांच्या दिव्यांचं कौतुक होतं. लूपरकडे बोट दाखवून तिने विचारलं होतं,

"ह्यो लाल झाला म्हंजे काय?"

"म्हणजे तो घेतोय."

"आन हिरवा?"

"म्हणजे देतोय."

"बरा हाय," आत्या म्हणाली होती. "घेतो तसा देतो."

आता आत्या कोण ते सांगायला हवं. ती आमच्या भागातली धवलारीण. आमच्याकडच्या लग्नात भटजी येतो, तो येतो. पण मांडव पडल्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाला धवला गावा लागतो, आणि तो धवलारणीनेच. हळद दळताना वेगळा, मांडव घालताना वेगळा, नवरीला पाटावर बसवताना वेगळा. आत्याला तो तिच्या सासूने दिला, सासूला तिच्या कुणीतरी. लिहिलेलं कुठे काही नाही. आमच्या आया तिच्या आवाजाची वाट बघत हातात हळदीची वाटी धरून उभ्या राहायच्या, आणि तिचा आवाज सुरू झाल्याशिवाय नवरीच्या गालाला कुणी बोट लावायचं नाही. पाटावरच्या धवल्याबद्दल तिचा एक दंडक होता. "बस गो बाये" म्हणून पोरीला बसवायचं, मग घराण्यातल्या बायांची नावं घ्यायची, गेलेल्या आणि असलेल्या, गावदेवीला सांगायचं, नदीला सांगायचं, आणि शेवटी "उठ गो बाये" म्हणून उठवायचं. मध्ये थांबायचं नाही. "बसवली तं उठवली पायजे," ती म्हणायची. "अर्धी ठेवली तं पोरीचा पाय संसारान लागत न्हाय."

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तिला म्हणालो, आत्ये, जरा म्हण ना. तिने म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मांडव नाही, नवरी नाही, समोर फक्त मी आणि माझा मोबाइल. मी मोबाइलवर घेत होतो हे तिला ठाऊक होतं. का घेतोय हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

घरी येऊन ऐकलं तर मध्येमध्ये आत्याचा खोकला, कोंबड्या, आणि नेमका नावं घेण्याच्या जागी कांदे-बटाटेवाल्याचा टेम्पो. स्वच्छ अशी एकच ओळ होती, पहिली. "बस गो बाये पाटावरी, हलद आली दारा." तेवढी मी कापली, लूपरमध्ये भरली, घुमारा चढवला, खाली गिटारचे तीन सूर ठेवले. अंगावर काटा आला. खरंच आला, त्यात खोटं काही नाही. बाकीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर जागा खात होतं. पुढे एकदा गोदामाचे फोटो मावेनात म्हणून ते पुसलं. पुसताना हात थबकला नाही, हे मला अजून आठवतं. खोकला आणि टेम्पो, त्यात ठेवायचं काय?

ठाण्याच्या एका छोट्या हॉलमध्ये मी ते वाजवलं. अंधार, एक निळा दिवा, मी स्टुलावर आणि पायाशी माझी पेटी. आत्याची ओळ फिरू लागली, फिरता फिरता विहिरीतून आल्यासारखी झाली, वर गिटार चढत गेली. नंतर एका मुलीने येऊन विचारलं, "तो आवाज कुणाचा?"

मी म्हणालो, "फील्ड रेकॉर्डिंग आहे, गावाकडचं."

का म्हणालो? आत्याची लाज वाटली म्हणून नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण "माझी आत्या" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, गाणं कशाचं, पुढे काय आहे, आणि मग मला तिच्याबद्दल बोलत बसावं लागलं असतं. त्या संध्याकाळी मला माझ्याबद्दल बोलायचं होतं. इतकी साधी गोष्ट आहे. घूं कशामुळे येते ते शोधायला मी महिने घालवले, हे शोधायला मात्र मला आरशात एकदा बघणंही पुरलं असतं.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत निकिताच्या मोबाइलवर पोचला. निकिता म्हणजे रमेशदादाची मुलगी, आत्याची नात. तिने तो आत्याला दाखवला. मला वाटलं, आत्या रागावेल. ती हरखली. गावभर सांगत सुटली, माझा गाना भाच्याचे पेटीन हाय. आणि इथेच घात झाला. निकिताला धवला शिकायचा होता. तिने वहीबिही घेऊन दोन-तीनदा आजीला गाठलं, तर आत्या म्हणाली, "तुझा कालेज कर. ता गाना कुठं जातंय? पेटीन हाय ना त्याचे." निकितानेच मला हे हसत हसत सांगितलं होतं. मी हसलो. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, अगं, पेटीत एकच ओळ आहे. जिभेवर आलं होतं. पण आत्याच्या तोंडावरचा तो आनंद मोडवेना, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्याच्या आनंदाच्या आड स्वतःची लाज लपवायला फार सोयीचं पडतं.

मग त्या थंडीत आत्याला दम लागू लागला. दवाखाना झाला, नळ्या झाल्या. घरी आली ती अर्धी होऊन, आणि तिचा आवाज काही आला नाही. कुजबुजल्यासारखं बोलायची, दोन शब्दांमागे एक श्वास. आणि पुढच्याच वैशाखात निकिताची हळद निघाली.

"धवला तुझे पेटीवर लावाचा," रमेशदादा म्हणाला. त्याच्या डोक्यात दुसरा विचारच नव्हता. मी आसपासच्या गावांत धवलारीण शोधली. जी मिळाली तिला वेगळे धवले येत होते, आत्याच्या घराण्याची नावं कुठून येणार? शेवटी गेलो. डीजेवाला संध्याकाळी येणार होता, त्याआधी दुपार कलताना पाटाचं काम उरकायचं होतं. मी ओट्यावर बोर्ड मांडला. बायकांना मागून साथ धरायची होती म्हणून लूपरला माइक जोडून तो पाटाजवळ उभा केला. घूं नव्हती. मोरीमागचा खड्डा ओला होता. तांब्या उचलताना दम लागतो तरी आई रोज खांबाला पाणी घालते, असं वहिनी, रमेशदादाची बायको, कौतुकाने सांगत होती.

निकिता पाटावर बसली. आत्या समोर प्लास्टिकच्या खुर्चीत. मी पाय दाबला, हिरवा दिवा लागला आणि मांडवभर आत्याचा जुना, भरलेला आवाज पसरला. बस गो बाये पाटावरी, हलद आली दारा. बायांनी डोळ्यांना पदर लावले. हळद लागू लागली. ओळ पुन्हा आली. बस गो बाये पाटावरी. पुन्हा आली. आत्या मांडीवर बोटाने ताल धरून पुढच्या ओळीची वाट बघत होती, पुढची ओळ येण्याच्या जागी तिचे ओठ हलायचे, आणि तिथे पुन्हा पहिलीच यायची. निकिताच्या गालावरची हळद सुकून तिला भेगा पडू लागल्या. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आत्याचा ताल थांबला.

"एवराच हाय?" तिने मला विचारलं.

"एवढंच आहे, आत्ये."

"बंद कर."

मी बंद केलं. आत्या वहिनीचा हात धरून उठली, पाटाजवळ गेली, आणि निकिताच्या कानाशी वाकून पुढचं म्हणू लागली. म्हणू लागली म्हणजे श्वास सोडू लागली. सूर नव्हता. मांडवात कुणालाच ऐकू येत नव्हतं, फक्त निकिताला, आणि माइकला. ती माइकच्या अगदी जवळ वाकली होती. लूपरवर आवाज पोचल्याची बारीक खूण तिच्या श्वासागणिक लुकलुकत होती. माझा पाय पेडलवर होता. एकदा दाबलं असतं की सगळं आत आलं असतं. आणि मला वाटलं, नको. एकदा तिचं घेऊन मी काय केलं ते समोर दिसतंय, आता हे तरी नातीचं नातीकडे राहू दे. मी पाय उचलला, चपलेत घातला. त्या क्षणी मी स्वतःला फार चांगला माणूस वाटलो.

निकिता उठली. बायांनी हळद उधळली. आत्या परत खुर्चीत बसली, धाप लागलेली, घामाने ओली. तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"आता पुरा घेतलास ना पेटीन?"

तिला ते हवं होतं. ती माइकपाशी वाकली ती त्यासाठीच. पहिल्यांदा मी तिला न विचारता कापलं, दुसऱ्यांदा न विचारता सोडलं, आणि दोन्ही वेळा मला फक्त मीच दिसत होतो. भोवती पाहुणे होते, सगळे बघत होते.

"हो," मी म्हणालो.

"मग झाला," आत्या म्हणाली. "ऊन लय हाय. तुझे खांबाला पानी घाल."

मी तांब्या भरून मोरीमागे गेलो आणि खड्ड्यात पाणी ओतलं. नंतर एकदा मी निकिताला आडून विचारलं, तुला काही आठवतं का गं? ती म्हणाली, "काका, मी रडत व्हते. फक्त आजीचा श्वास गरम लागत व्हता, तेवरा आठवतंय."

आणि आता हा निरोप. पेटी घेऊन ये. मी रविवारी गेलो. परसात तोच आंबा, छपरावर त्याच मिरच्या. आत्या ओट्यावर बाजेवर होती, उशांना टेकवलेली. किती लहान झाली होती. मी बोर्ड मांडून जमिनीवर बसायला लागलो तर तिने हाताने नको म्हटलं. "भुई तापलीय. पाट घे." वहिनीने पाट आणून दिला. मी वायरी जोडल्या, माइक तिच्या तोंडापाशी धरून उशीला टेकवला. घूं नव्हती.

"त्या दिशी लाल न्हाय झालता," आत्या म्हणाली.

माझे हात थांबले.

"मना दिसला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस, आत्ये?"

"मांडवान पावने व्हते." तिने श्वास घेतला. "भाच्याला काय चारचौघांत बोलू?" पुन्हा श्वास. "आता लाल कर."

मी पाय दाबला. दिवा लाल झाला. आत्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. त्या दिवशीची कुजबुजही आता राहिली नव्हती. ओठ हलत होते, छातीत घरघर होत होती, मध्ये खोकला येत होता. कोंबडी ओट्यावर चढली, वहिनीने तिला हाकललं. रस्त्यावरून कांदे-बटाट्यांचा टेम्पो भाव ओरडत गेला. मी पाय हलवला नाही. नावं घेते आहे असं मध्येच वाटलं, एकदा माझ्या आईचं नाव ऐकल्याचा भास झाला, खात्री नाही. मग तिचे ओठ थांबले. गाणं संपलं की तिला झोप लागली की पुढचं आठवत नव्हतं, मला कळेना. विचारायची हिंमत होईना. दिवा लालच होता. मी पाटावर तसाच बसून राहिलो, पायाला मुंग्या आल्या तरी.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि मला अजून तिथेच बघून हसली.

घरी येऊन मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. तेव्हापासून रोज ऐकतो. शब्द लागत नाहीत. निकितालाही बोलावून ऐकवलं, तिलाही लागले नाहीत. खोकला नीट येतो, कोंबडी येते, टेम्पोवाल्याचा कांद्याचा भाव येतो. यातलं मी काहीही कापलेलं नाही. धवला मात्र त्यात असून नसल्यासारखा आहे, आणि तो तसा का आहे हे मला ठाऊक आहे. अगदी शेवटी एक जागा आहे, तिथे आत्या मोठा श्वास घेते आणि तिच्यात उरलेला सगळा आवाज एकवटून बोलते. तेवढंच काय ते स्पष्ट ऐकू येतं.

"उठ रे बाबा. किती येल बसशील?"